भुईवर जेवायचा नेम

चहा घ्या आधी, गार होईल. गुळाचा आहे, कसा लागतो ते सांगा. गूळ कुठला ते मात्र मी शेवटी सांगणार. आत्ता सांगितलं तर तुम्ही पेला खाली ठेवाल आणि माझ्याकडेच बघत बसाल.

तसे माझ्या हातून गोंधळ काय थोडे झालेत? नागपंचमीला वारूळ समजून पोतनीसवहिनींच्या उकिरड्याला दूध वाहून आले, ते तुम्हाला ठाऊकच आहे. त्यावर सगळे हसले, मीही हसले, संपलं. पण हा गोंधळ असा आहे की हसायला सुरुवात करावी आणि मध्येच तोंड मिटावं. इतकी वर्षं झाली तरी मला तो नीट हसून सांगता येत नाही. बघते आज जमतंय का.

तेव्हा आम्ही इथेच धारला, याच घरात. आमची स्वारी दरबारच्या कचेरीत कारकून. संवत छप्पन्नचा मोठा दुष्काळ सरून काही वर्षं झाली होती, पण लोक अजून ताटात शीत टाकताना दोनदा विचार करत. आणि आमच्याकडे गुरुवारी एक मुलगा वारावर जेवायला यायचा. केशव त्याचं नाव. तिकडे कुक्षीजवळच्या डही गावचा, आईबाप दोघेही गेलेले, मामानं वाढवलेला. उंच, हडकुळा, मान खाली घालून बोलणारा. मराठी बोलता बोलता मध्येच मालवी यायची आणि मग स्वतःच लाजायचा.

वार म्हणजे काय ते तुम्हाला मी काय सांगणार? गरिबाचा मुलगा शिकायला गावात आला की सात घरं सात दिवस वाटून घ्यायची. एका घराला आठवड्यातून एक पान जड नसतं, आणि त्या सात पानांवर एक पोर शिकून शहाणं होतं. आमची स्वारीसुद्धा अशीच लोकांच्या पानांवर शिकली. म्हणून गुरुवार आमच्या घरात सणासारखा. केशवला मास्तर व्हायचं होतं. परत डहीला जाऊन तिथल्या पोरांसाठी शाळा घालायची होती. हे तो एकदाच बोलला, वरणभात कालवता कालवता, पण स्वारीनं ते मनात धरून ठेवलं होतं. अधूनमधून म्हणायचे, आपला गुरुवार डहीला शाळा काढणार बरं का.

आता माझा शहाणपणा ऐका.

देवासला माझ्या जाऊबाई. देवासची गादी दोन भावांत वाटलेली, थोरली पाती आणि धाकटी पाती; या थोरल्या पातीतल्या, आणि तो थोरलेपणा त्यांच्या अंगात पुरता मुरलेला. रस्त्याच्या पलीकडची धाकटी पाती म्हणजे त्यांना परमुलूख. आमच्या दोघींत दर चातुर्मासात चढाओढ असायची, कोण अवघड नेम धरतं याची. उघड कुणी बोलायचं नाही हं! पण कार्तिकी झाली की एकमेकींकडे बरोबर बातमी पोचायची. आदल्या वर्षी त्यांनी चार महिने मुक्यानं जेवायचा नेम पार पाडला होता. जाऊबाई आणि मुक्या! सगळ्या गोतावळ्यात त्याचीच वाहवा.

मग मी काय करावं? मी एक सोडून तीन नेम धरले. ताट नाही, पान नाही, सारवलेल्या भुईवर वाढून घ्यायचं. जेवायचं ते अळणी. आणि एकवाढी, म्हणजे एकदा वाढलं ते वाढलं, पुन्हा घ्यायचं नाही. वर आणखी ठरवलं की हे कुणाला सांगायचं नाही, म्हणजे पुण्य दुप्पट. खरं सांगायचं तर मला हवं होतं की मी सांगू नये आणि सगळ्यांना कळावं.

गुरुवारी शाळेच्या मधल्या सुट्टीत केशव यायचा तोवर स्वारी जेवून कचेरीत गेलेली असायची. मी त्याला वाढायची, तो जेवून आपली पत्रावळ उचलायचा, परसात टाकून हात धुऊन यायचा. आषाढातल्या एका गुरुवारी तो परत आला आणि दारातच थांबला. मी चुलीपुढे भुईवर चार घास वाढून घेऊन बसले होते.

त्यानं विचारलं, "काकू, ताट कुठंय तुमचं?"

मी म्हटलं, "नेम आहे रे माझा." जितकं साधेपणानं म्हणता येईल तितकं म्हटलं, पण आतून फुशारले होते.

त्याचा चेहरा एकदम उतरला. दप्तर उचलून तडक गेला. मला वाटलं, पोरगं माझी तपश्चर्या बघून भारावलं!

पुढच्या गुरुवारपासून त्याचं जेवण निम्म्यावर आलं. आग्रह केला की पत्रावळीवर आडवा हात धरायचा आणि म्हणायचा, "बस काकू, वई ग्यो." झालं म्हणे. वाढत्या वयाचं पोर, दोन पोळ्यांत कसं होईल? पण मी आपली समजले की माझं बघून हाही संयम शिकतोय. स्वारीला कौतुकानं सांगितलंसुद्धा.

मग आला श्रावण. देवासला जाऊबाईंच्या सुनेची पहिली मंगळागौर. सासूबाईंची मोठी भांडी दोन्ही घरांत मिळून होती, ज्या घरी कार्य त्या घरी ती जायची. तेव्हा परात, घंगाळं, तपेली, ताटंवाट्या, सगळं भाड्याच्या बैलगाडीत भरून दिलं. नेमका गुरुवार होता. केशव दारात उभा राहून सासूबाईंची परात गाडीत चढताना बघत होता. त्यातच स्वारीचा पाय मुरगळला आणि ते बरेच दिवस घरी बसून राहिले. मला यात काही वावगं दिसलं नाही. दिसणार कसं? मी मनातल्या मनात जाऊबाईंना हरवण्यात गुंतले होते.

भाद्रपदात केशव एक दिवस आला तो अंगणातच उभा राहिला. म्हणाला, "काकू, माझी गुरुवारची सोय दुसरीकडे झालीय. तुम्ही आता त्रास नका घेऊ."

माझं डोकंच फिरलं. आमचा गुरुवार कुणी पळवला? पोतनीसवहिनींचा बुधवार होता, त्यांना लागून गुरुवारही हवासा झाला असणार, असं मी ठरवूनच टाकलं. केशवला एका शब्दानं विचारलं नाही, आत ये म्हटलं नाही. वहिनींशी बोलणं टाकलं.

आणि दोन दिवसांत दिवेलागणीला त्याच वहिनी पदराआड ज्वारी घेऊन हजर. म्हणाल्या, असू द्या घरात, कुणाला सांगायची गरज नाही. मला वाटलं, वार पळवला त्याची भरपाई करतायत. मी ताठ मानेनं म्हटलं, "ज्वारी आमच्याकडे फारशी खात नाहीत. गहू असतील तर बघा." बाई मुकाट्यानं परत गेल्या आणि गहू घेऊन आल्या.

मग रांगच लागली. कुणी डाळ आणली, कुणी तेल, कुणी भोपळा. मला कळून चुकलं की आपला नेम गावाला कळला! व्रतस्थ बाईला लोक देतातच की. मी सगळं ठेवून घेतलं. एकीनं तूप आणलं ते कणीदार नव्हतं, तर मी तिला तसं स्पष्ट सांगितलं. देवळात कीर्तनाला गेले तर बाया सरकून मला पुढे जागा द्यायच्या, माझ्याकडे बघून एकीदोघींनी डोळेही पुसले. मी मनात म्हटलं, बघताय ना जाऊबाई?

नवरात्र झालं आणि जाऊबाई खरंच आल्या. न कळवता, त्याच गाडीतून. भांडी होती, शिवाय धान्याची पोती आणि एक गाठोडं. मला हाताला धरून माजघरात नेलं, दार लोटलं आणि गाठोडं सोडलं. आत त्यांची जुनी लुगडी.

"उमा, भावोजींची नोकरी गेली आणि मला कळवावंसं नाही वाटलं तुला?" त्या रडत होत्या हो! "भुईवर वाढून घेतेस म्हणे. घरात मिठाचा खडा नाही म्हणे."

मी म्हटलं, "अहो, तो माझा चातुर्मासाचा नेम आहे!"

त्यांनी माझ्याकडे बघितलं, चुलीपुढच्या सारवलेल्या भुईकडे बघितलं, आणि पोत्यावर बसून जे हसायला लागल्या ते त्यांना आवरेना. नेमाच्या बाबतीत आमच्यात खोटं चालत नसे, त्यांना लगेच पटलं. माझा चेहरा मात्र पांढरा पडला. सगळ्या गावाकडून मी शिधा घेतला होता. धर्माचा. आणि वर कणीदार तूप मागितलं होतं.

हे उठवलं कुणी? गाडीवानाला विचारलं, त्यानंच तर ही बातमी देवासला नेली होती. तो म्हणाला, "बाईसाब, केशव भिया घर-घर जईने बोल्या. काकूला मदत करा म्हणून."

मी तशीच पोतनीसवहिनींकडे धावले. त्यांनी सांगितलं ते खरं होतं. केशव साऱ्या घरी फिरला होता. स्वतःसाठी कधी पोळीचा तुकडा जास्त न मागणारा तो मुलगा, माझ्यासाठी दारोदार गेला होता. मी विचारलं, मग गुरुवारी तो तुमच्याकडे जेवत होता ना?

वहिनी म्हणाल्या, "माझा बुधवार. गुरुवारी तर तो तुमच्याकडे असायचा."

दोघी तशाच देवळात जाऊन गुरवाला विचारून आलो. तो गुरुवारी कुणाकडेच जेवत नव्हता. देवळाच्या ओवरीत बसून, पाणी पिऊन, पुन्हा शाळेत जात होता. मी इकडे अळणी जेवणाचं पुण्य मोजत होते आणि माझ्याच वाराला ते पोर उपाशी राहत होतं. आणि आता तो गावातही नव्हता. शाळा सोडून कुक्षीला एका कापसाच्या आडतीवर कामाला गेला होता. जाताना वहिनींना म्हणाला होता, माझं पान काकूंकडे पोचवत जा.

स्वारी माझ्यावर रागावली असती तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त गाडी जुंपायला सांगितली. कुक्षीला आडतीवर केशव तागडी धरून उभा होता. आम्हाला बघून धावत आला, सावलीत बसवलं, पाणी आणलं. मी सगळं सांगितलं. नेम, जाऊबाई, मंगळागौर, मुरगळलेला पाय, माझी फुशारकी, काही लपवलं नाही. तो मान खाली घालून ऐकत होता.

शेवटी म्हणाला, "हो काकू."

मी म्हटलं, "अरे, खरं सांगते मी. आमच्या घरात काही कमी नाही."

"आईपण असंच सांगायची." त्यानं तागडीच्या दोरीचा पीळ सोडवत सांगितलं. "दुष्काळात एकेक करून भांडी गेली, तेव्हा भुईवर वाढून घ्यायची. मीठ संपलं, तेव्हा अळणी. मला वाढायची आणि स्वतः पुन्हा घ्यायची नाही. विचारलं की म्हणायची, नेम आहे रे माझा. शेजारणींनाही तेच सांगायची, म्हणून कुणी काही दिलं नाही. मी तेव्हा लहान होतो, कुणाला सांगितलं नाही."

जी जी खूण मी खरेपणाची म्हणून सांगितली, ती ती त्याच्या आईनं आधीच सांगून ठेवली होती. स्वारी उठून गाडीच्या पलीकडे जाऊन उभी राहिली. परत चल म्हणून खूप विनवलं. शेटजींना शब्द दिलाय म्हणाला, मामाच्या घरीही पैसे लागतात म्हणाला. डहीचं विचारलं, तर होईल कधीतरी, एवढंच. मी डहीहून येणाऱ्या प्रत्येकाला विचारते. केशवसारखा मास्तर काही तिथे अजून कुणी गेलेला नाही.

भुईवरचा नेम मी त्याच दिवशी सोडला, कार्तिकीची वाट न बघता. आता गुरुवारी दुसरा एक मुलगा येतो, मनावर गावचा. मी त्याच्या समोर ताट घेऊन बसते, मीठ वाढून घेते आणि दोनदा भात घेते. त्याला वाटतं, काकू भारी खादाड आहेत. वाटू दे.

आणि हो, गूळ राहिला सांगायचा. दर वर्षी गुऱ्हाळं संपली की कुक्षीहून गाडी येते. गुळाच्या ढेपा, ज्वारीचं पोतं, आणि निरोप, काकूंना सांगा संकोच करू नका. एका वर्षी मी परत पाठवलं, आम्हाला गरज नाही म्हणून. त्यानं पुढल्या खेपेला दुप्पट पाठवलं. त्याला वाटलं, काकूंची हालत फारच बिघडलेली दिसते.

प्या आता. मी जन्मभर लोकांना सांगत आले की आमचं घर वार देणारं. त्या घरातला हा चहा धर्माच्या गुळाचा आहे.