सदरा कुणाचा होता

“आप्पांना बदलावं लागेल,” मृणाल मॅडम फोन ठेवत म्हणाल्या. “प्रोड्यूसर मुंबईहून नट पाठवतायत.”

सुरतेत, डिंडोलीतल्या एका गच्चीवर आमचं शूटिंग चाललं होतं. छोटा सिनेमा. गोष्ट एवढीच, की लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, आयुष्य काढलेले दोन दोस्त जुन्या आठवणी काढतात. भिकाआप्पा आणि सुकलालभाऊ. दोघंही खरेच दोस्त, नट नव्हेत. मॅडम दिग्दर्शक, मी साउंड रेकॉर्डिस्ट.

सुकलालभाऊ हळू आवाजात छान रंगायचे. आप्पा मात्र चुकीच्या जागी “हा, हा” करायचे. सीन काही उभा राहत नव्हता. कॅमेऱ्याला बुजलेत, असं सगळ्यांचं मत पडलं.

दोघांच्या सदऱ्यात मी लेपल लावले होते. लेपल म्हणजे कपड्यात लपवायचा छोटा माईक. त्यातून मला आप्पांचं पुटपुटणं ऐकू आलं, “काय म्हणस हाऊ?” हा काय म्हणतोय?

तेव्हा माझ्या लक्षात आलं, लूमच्या खडखडाटाने आप्पांचे कान गेले होते. आप्पांनी ते कुणालाच सांगितलं नव्हतं. सुकलालभाऊंनाही नाही.

“मॅडम, एक टेक द्या.”

“साउंडचा प्रॉब्लेम आहे?”

“आहे. पण आपला नाही, आप्पांचा.”

मी बॅगेतून बारीक इअरपीस काढला, सुकलालभाऊंचा माईक त्याला जोडला आणि आवाज वाढवला.

“आप्पा, शूटिंगमध्ये हे कानात घालावंच लागतं.”

त्यांनी निमूट घातला. कॅमेरा सुरू झाला. सुकलालभाऊ सांगू लागले, “मुलगी पाहायला गेलो, तेव्हा नवा सदरा शिवला होता मी...”

आप्पा ताडकन सरळ झाले.

“खोटं बोलस तू! तो सदरा मना व्हता!” माझा होता!

मग दोघं असे भांडले, असे हसले, की मॅडम ‘कट’ म्हणायचं विसरल्या. तेवढ्यात चहा घेऊन आलेल्या सुकलालभाऊंच्या बायको दारातून म्हणाल्या, “बाह्या लांब व्हत्या. मी तवयच वळखं!” तेव्हाच ओळखलं होतं; पाहायला गेले ती मुलगी म्हणजे त्याच.

माझ्या असिस्टंटने बूम, म्हणजे काठीवरचा माईक, झटकन दाराकडे वळवला. शब्दन् शब्द मिळाला.

तो टेक जसाच्या तसा सिनेमात आहे. प्रोड्यूसरने पाहिला आणि नटाचं तिकीट रद्द केलं. पहिला शो डिंडोलीतच झाला. सदऱ्याच्या सीनला लोकांनी शिट्ट्या मारल्या, आणि आप्पांनी उभं राहून सगळ्यांना हात केला. त्या दिवशी त्यांच्या कानात ऐकू यायचं स्वतःचं मशीन होतं.

कलाकार अडला की सगळे त्याला बोलायचं कसं ते शिकवतात. मी आधी त्याला ऐकू येतंय का, ते विचारतो.