एका बोर्डावर दोघी

आजपर्यंत हे मी कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईला नाही. जिला सांगायला हवं होतं तिला तर नाहीच. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल कदाचित, तुम्हाला सांगतेय.

ऐकून फार मोठं काही वाटणार नाही. कुणाचा जीव गेला नाही, कुणाचं घर मोडलं नाही. मी एक फोन केला होता, आणि त्या फोनवर जे बोलणं झालं ते संध्याकाळी— नको. असं एकदम नको. शुभापासून सुरू करते.

शुभा आणि मी इंदूरच्या छत्रीबागेतल्या, एकाच गल्लीतल्या. नऊ वर्षांची असताना ती सुट्टीत मामाच्या गावी गेली आणि कडबा कापायच्या मशीनमध्ये तिचा डावा हात गेला, कोपराच्या खालचा. ती शाळेत परत आली तेव्हा बाईंनी तिला माझ्या शेजारी बसवलं आणि मला म्हणाल्या, "मेघा, हिच्याकडे लक्ष ठेव हं." मी ठेवलं. पुढे सगळ्यांना मी तशीच माहीत झाले. शुभाला जपणारी. किती गुणाची पोरगी.

खरं सांगू? तिला माझी गरज फारशी नव्हती. गणितं मीच तिच्या वहीतून उतरवायचे. मोठेपणी ती पलासियातल्या एका कोचिंगमध्ये गणित शिकवायला लागली, मी तिथेच जवळ एका विम्याच्या ऑफिसात लागले. तिशीच्या आसपास तिच्या डोक्यात आलं की पोहायला शिकायचं, आणि तिने मलाही ओढलं. सकाळची बायकांची बॅच. दुसऱ्या उन्हाळ्यात ती न थांबता दहा फेऱ्या मारायची. मी चौथ्या फेरीला कठडा धरून धापा टाकत असायचे.

एकदा कपडे बदलायच्या खोलीत एक काकू मला म्हणाल्या, "किती पुण्याचं काम करतेस गं. रोज हिला घेऊन येतेस." घेऊन येते? रोज सकाळी फोन करून मला उठवायची ती. शुभा तिथेच होती, टॉवेल खांद्यावर टाकून. मी काय म्हटलं असेल? काही नाही. हसले. आणि त्या दिवशी ऑफिसात मी खूप खुशीत होते— हेही सांगायलाच हवं.

मग तो व्हिडिओ. लांब फळीवर पोटावर झोपलेली एक बाई, मागून लाट येते, ती उठून उभी राहते आणि पाणी तिला किनाऱ्यापर्यंत आणून सोडतं. बस, एवढंच. शुभाने तो मला कोचिंगच्या बाहेर उभं राहून चार वेळा दाखवला. "यार मेघा, ये तो करना है. मरायच्या आधी एकदा."

आम्ही इंदूरच्या. समुद्र दोघींनीही पाहिलेला नव्हता. पण ती कामाला लागली. एक शाळेची वही घेतली आणि सगळं त्यात लिहीत गेली. कर्नाटकाच्या किनाऱ्यावरचं एक लहान गाव तिने शोधलं, जिथे टूरवाले जात नाहीत. शांत बीच हवा, हा तिचा हट्ट होता. का, ते तिने सांगितलं नाही, मी विचारलंही नाही. पोहायच्या टाकीवर बायका तिच्या कोपराकडे कशा बघतात, ते मी रोज बघत होते.

पगार दोघींचे बेताचेच. म्हणून इथून थेट जाणारी आठवड्याची गाडी, स्लीपरचा डबा, एप्रिलचा शेवट— तेव्हा गर्दी ओसरते आणि खोल्या स्वस्त होतात. एका कोळ्याच्या घरात वरची खोली, बाथरूम सामायिक. जेवण त्यांच्याच घरी. आणि बोर्ड भाड्याने एकच घ्यायचा. "तू पड, मग मी पडेन," ती म्हणायची, "दोन बोर्ड घेऊन एकदम पडायची काय जरूर?" इतकी हसायची ती तेव्हा. सहा महिने आम्ही त्या वहीवर वाकून बसायचो. तिच्या आईनेही हो-ना करत परवानगी दिली. एकच काम राहिलं होतं. तिथल्या सर्फिंग शिकवणाऱ्याला विचारायचं की एका हाताच्या माणसाला शिकवाल का.

ते तिला विचारवत नव्हतं. हा प्रश्न तिने जन्मभर विचारला होता— शाळेला, कॉलेजला, कोचिंगवाल्या सरांना. "तू पूछ ले ना," ती म्हणाली. "तुला नीट जमतं."

मी जेवणाच्या सुट्टीत ऑफिसच्या जिन्यात उभी राहून फोन केला. पलीकडे एक तरुण माणूस होता. मागे वारा ऐकू येत होता. मी सगळं सांगितलं. तो म्हणाला, "स्विमिंग आता है ना? तो आने का, मॅडम. बोर्ड हम पकडेंगे, धक्का हम देंगे. उठना उसको है." वर त्याने विचारलं, कुठला हात आहे, किती उंच आहेत त्या. मोठा, मऊ बोर्ड बाजूला काढून ठेवतो म्हणाला.

मी फोन ठेवला.

इथे मी बरीच वर्षं स्वतःलाही फसवलंय. मला तिची काळजी वाटली, असं मी मनाशी म्हणायचे. समुद्र आहे, टाकी नाही. काही झालं असतं तर तिच्या आईला काय तोंड दाखवलं असतं? पण जिन्यात उभी होते तेव्हा यातलं काहीही माझ्या मनात नव्हतं. माझ्या डोळ्यासमोर एवढंच आलं— ती फळीवर उभी आहे, आणि मी पाण्यात पडलेय. सगळे तिच्याकडे बघतायत. आणि कुणीच मला म्हणत नाहीये की किती पुण्याचं काम करतेस गं.

एवढ्यासाठी. हो, एवढ्यासाठीच.

संध्याकाळी ती कोचिंगच्या फाटकाशी वाट बघत होती. बॅच सुटली होती, पोरं सायकली काढत होती, रस्त्यावर हॉर्न चालू होते.

"बोल, बोल. काय म्हणाले?"

"नाही म्हणाले गं."

तिचं हसू एकदम नाही गेलं. हळूहळू गेलं. "नाही म्हणजे? नक्की बोलले काय?"

मी त्या प्रश्नाची तयारी केली नव्हती. तोंडाला आलं ते बोलले. "म्हणाले, ऐसे केस हम नहीं लेते."

केस. हा शब्द माझा आहे. त्या माणसाचा नाही, कुणाचाच नाही. तो मी तिथे, त्या फाटकाशी उभी राहून बनवला.

"दुसरीकडे विचारू या?" तिने विचारलं. हळू आवाजात. अजून वेळ गेलेली नव्हती. त्या एका क्षणी सगळं परत फिरवता आलं असतं. मी म्हटलं, "सगळीकडे तेच सांगतील, शुभा." आणि मला रडू आलं. तिला वाटलं, मी तिच्यासाठी रडतेय. तिने आपला हात माझ्या पाठीवर ठेवला. "छोड ना यार," म्हणाली. "तू विचारलंस तरी."

दोन आठवड्यांत तिने पोहणं सोडलं. मी एकटी जाते म्हटलं, पण चार दिवसांत मीही बंद केलं. ती वही तिने मला दिली, घरात नको म्हणाली. पुढच्या वर्षी एका मोठ्या शाळेत गणिताच्या शिक्षिकेची जागा निघाली. तिच्याइतकं लायक कुणी नव्हतं. तिने अर्जच केला नाही. मी कारण विचारलं तर हसून म्हणाली, "अगं, ऐसे केस वो नहीं लेते." माझंच वाक्य. त्यानंतर ते मी तिच्या तोंडून कितीदा ऐकलं, त्याला मोजदाद नाही. देवासचं एक चांगलं स्थळ आलं होतं, मुलगा पुन्हा भेटायचं म्हणत होता, तेव्हाही हेच. नवीन मोठ्या कोचिंगवाल्यांनी स्वतःहून बोलावलं, तेव्हाही हेच.

आणि अजून एक आहे. तेही सांगते.

मी गेले तिथे. दोन वर्षांनी, ऑफिसच्या तिघीजणींबरोबर. शुभाला सांगितलं, पुण्याला ट्रेनिंग आहे. तिचीच वही घेऊन गेले— तीच गाडी, त्याच कोळ्याची वरची खोली. सगळं तिने लिहिलं होतं तसंच निघालं. शिकवणारा तोच माणूस होता. मी इंदूरची म्हटल्यावर त्याने माझ्याकडे नीट पाहिलं. "आपने फोन किया था ना? वो एक हाथवाली मॅडम नहीं आयी? मैंने रास्ता देखा." मग जरा लाजून म्हणाला की तिला शिकवायचं कसं हे कळावं म्हणून त्याने आठवडाभर आपला डावा हात पाठीशी बांधून लाटांवर उठून पाहिलं होतं. जमतं, म्हणाला. थोडा टाइम लगता है, पर जमता है.

मी म्हटलं, "उसका मन नहीं हुआ."

दोन वाक्यांत मी दोघांनाही संपवलं. चार दिवस मी त्या पाण्यात होते. एकदाही उभी राहू शकले नाही. मैत्रिणी फोटो काढत होत्या आणि मी म्हणत होते, माझे नको, कुठे टाकू नका. त्यांना वाटलं, मी लाजतेय.

आता शुभा त्रेचाळीस वर्षांची आहे. सगळी कामं एकाच हाताने ओढून तिचा उजवा खांदा गेलाय. डॉक्टर म्हणाले, झीज आहे, आता हात खांद्याच्या वर जाणार नाही. पोहायचं तर नावच नको. म्हणजे आता खरं सांगून तिला काय मिळणार? एक मैत्रीण आहे, तीही जाईल. बघा, हेसुद्धा मी किती सफाईने मांडतेय. गेली दहा वर्षं मला रोज एक नवं कारण सापडतं, आणि दरवेळी ते तिच्या भल्याचंच असतं.

गेल्या रविवारी मी ठरवून गेले होते. रिक्षात बसून वाक्यंसुद्धा जुळवली होती. तिची वहिनी बाजारात गेली होती. शुभा खाटेवर बसली होती, खांद्याला गरम पिशवी लावून. मी म्हटलं, "शुभा, मला तुला एक सांगायचंय." ती म्हणाली, "सांगशील गं, आधी माझी वेणी घाल. सकाळपासून तशीच बसलेय, वहिनीला किती वेळा म्हणू?"

मी तिच्या मागे बसले. कंगवा घेतला. केस बरेच पिकलेत तिचे, मला ठाऊक नव्हतं. ती सावकाश बोलत होती, शेजारच्यांचं, दुधवाल्याचं. मग म्हणाली, "तू नसतीस तर माझं काय झालं असतं गं, मेघा?"

मी पेड घालत होते. तीन पेड, एकावर एक. शेवटी रबर लावलं.

"मान सरळ ठेव," मी म्हटलं.