हवालदार नानांची झडती

आमचं बिऱ्हाड नाशिकरोडच्या कॉलनीत आलं त्या दिवशी टेम्पोतून पहिली वस्तू खाली उतरायच्या आत एक उंच, ताठ माणूस समोर येऊन उभा राहिला. खाकी पँट, पांढरा सदरा आणि मिशा अशा कापलेल्या, की पट्टी लावून कापल्या असाव्यात.

"काय आणलंय?" त्यांनी विचारलं.

"संसार," मी म्हटलं.

"तो दिसतोय. या पोत्यात काय आहे?"

"तांदूळ."

त्यांनी पोत्याची सुतळी सोडली, कोपरापर्यंत हात आत घातला, चाचपलं आणि हात बाहेर काढून झटकला. "हं. तांदूळच आहेत," असं म्हणून ते निघून गेले. माझं बोलणं खरं निघाल्याची त्यांना जराशी निराशाच झाली असावी. मी यजमानांना म्हटलं, "हे कोण पोलीस?" यजमान मनमाडला रेल्वेत, त्यांना कॉलनीचं काय ठाऊक! शेजारच्या वहिनींनी भिंतीपलीकडून सांगितलं, "पोलीस नही बाई, आमचे हे शेत. मनावर नका घेऊ." 'शेत' म्हणजे 'आहेत', ही त्यांच्याकडची अहिराणी.

तर असे हे केदा अहिरे. मूळ नामपूरचे, फौजेतून हवालदार म्हणून सुटलेले आणि आता एका कारखान्याच्या गेटवर झडती घेणारे. सगळी कॉलनी त्यांना हवालदार नाना म्हणायची. कामावरून सुटणाऱ्या माणसांचे खिसे, डबे, पिशव्या तपासायच्या, हा त्यांचा धंदा. पण घरी आल्यावर तो उतरवून ठेवायची त्यांची पद्धत नव्हती. दूधवाल्याच्या किटलीत ते डोकावायचे. पोस्टमनला "ह्या घरचं पत्र आधी त्या घरी का दिलंस?" म्हणून अडवायचे. माझ्याकडे शिकवणीला येणाऱ्या मुली आठ दिवस त्यांच्या नजरेखालून गेल्या, मग कुठे त्यांना जिना मोकळा झाला. मी शाळेत मास्तरीण, माणसं ओळखायचा मलाही थोडा अभिमान होता. नाना म्हणायचे, "बाई, तुम्ही तोंडाकडे बघता. तोंडाला शिकवता येतं. पायांकडे बघत जा." आणि खरोखरच ते समोरच्याच्या चपलांशी बोलायचे.

मला त्यांचा राग यायचा आणि संशयही. ज्याला जगातल्या प्रत्येक माणसाची झडती घ्यावीशी वाटते, त्याच्याच खिशात काहीतरी असणार, असं माझं मत. फौजेतल्या गोष्टी ते सांगत नसत. चिनी आक्रमणाच्या वेळी ते वर, बर्फात होते, एवढंच वहिनींकडून कळलेलं. एकदा मी सरळ विचारलं, "नाना, लढाई कशी असते?" त्यांनी माझ्याकडे नाही, माझ्या वहाणांकडे पाहिलं. "कोणी विचारायला सांगितलंय?" म्हणाले. असल्या माणसाला कोण पुन्हा विचारणार!

त्या आक्रमणाला वीस वर्षं होत आली तेव्हा कॉलनीतल्या मंडळाने ठरवलं, की येत्या सव्वीस जानेवारीला आपल्यातल्या माजी सैनिकांचा शाल-नारळ देऊन सत्कार करायचा. कार्यक्रमाचं निवेदन माझ्याकडे आलं. सत्कारमूर्ती तीन निघाले. एक एकाहत्तरच्या लढाईतला तरुण, दुसरे नाना आणि तिसरे रामभाऊ लहामगे. हे लहामगे इगतपुरीकडचे, नुकतेच मुलाकडे राहायला आलेले. गोल, हसरा चेहरा, भरघोस बोलणं. कोपऱ्यावरच्या कट्ट्यावर बसून ते बासष्टच्या गोष्टी सांगायचे आणि पोरंसोरं, रिटायर म्हातारे, सगळे तोंड उघडं टाकून ऐकायचे. "चिनी आला, की आपून बी उठायचो! लय हाणला त्यांना, लय!" त्यांचा मुलगा मंडळात होता. बापाचं बोलणं चालू असताना तो बाजूला उभा राहून लोकांचे चेहरे बघायचा. त्याचं ते सुख बघण्यासारखं होतं.

नाना एका संध्याकाळी त्या कट्ट्याशी जाऊन उभे राहिले. मी भाजी घेऊन येत होते, म्हणून माझ्या कानावर सगळं पडलं.

"लढाई थांबली, त्यानंतर पुढचा उन्हाळा येईस्तोवर तुम्ही कुठे होतात?" नानांनी विचारलं.

लहामग्यांचं हसू जागच्या जागी थांबलं. "तिकडंच," ते म्हणाले.

"तिकडं म्हणजे?"

"तिकडं म्हंजी... दवाखान्यात व्हतो काही दिस."

"कुठल्या?"

लहामगे उठले, धोतर झटकलं आणि "नातीला क्लासातून आणायचंय" म्हणून चालू लागले. नाना त्यांच्या पाठीकडे, म्हणजे टाचांकडे, बघत राहिले. मग मला म्हणाले, "खोटा शे तो." नानांची अहिराणी रागात बाहेर यायची. शहरी मराठीचा इस्त्रीचा सदरा ते तेवढ्यापुरता काढून ठेवायचे.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मंडळाच्या अध्यक्षांना गाठून सांगितलं, की हा माणूस सैनिक नाही, बाता मारणारा आहे, याला शाल दिलीत तर मी येणार नाही. झालं. कॉलनीला तेवढंच हवं होतं. कालपर्यंत कट्ट्यावर तोंड उघडं टाकून बसणारे आज "आम्हाला आधीच शंका होती" म्हणू लागले. लहामग्यांच्या मुलाने मंडळात येणं सोडलं. लहामगे घराबाहेर पडेनात. त्यांच्या धाकट्या मुलीचं लग्न जुळत आलं होतं आणि पाहुणे याच शहरातले होते. बाप खोटारडा, ही बातमी त्यांच्यापर्यंत पोचायला किती वेळ लागणार?

मला दोघांचाही संशय येत होता. एकजण फार बोलतो, एकजण बोलतच नाही, आणि मधल्यामध्ये एका घराची अब्रू चालली आहे. म्हटलं, दोघांना समोरासमोर बसवून बघावं. रविवारी जेवायला बोलावलं. लहामगे आले, कारण निदान एक तरी दार आपल्याला उघडं आहे, असं त्यांना वाटलं. नाना आले ते त्या माणसाने मला काय काय थापा मारल्या, ते ऐकायला.

पिठलं, बाजरीची भाकरी, ठेचा आणि बाजारात थंडीचे कोवळे मुळे आले होते, म्हणून पाल्यासकट मुळ्याची भाजी. पानं वाढली. मी भाजीचं पातेलं आणलं, झाकण काढलं. मुळ्याचा तो उग्र वास घरभर झाला. लहामग्यांनी हात ताटावर आडवा धरला. "नको बाई," म्हणाले, आणि त्यांचा आवाज असा आला, की मी पळीसकट थांबले. नानांकडे वळले तर त्यांनीही तसाच हात आडवा धरलेला. तोंड फिरवलेलं. दोन धट्टेकट्टे खेडवळ गडी, थंडीच्या दिवसांत, मुळ्याच्या भाजीसमोर असे बसलेले मी तरी कधी पाहिले नव्हते.

नानांनी लहामग्यांच्या त्या हाताकडे पाहिलं. आयुष्यात पहिल्यांदाच बहुतेक त्यांनी पाय सोडून दुसरं काही पाहिलं असेल. लहामगे उठून मोरीकडे गेले. नाना त्यांच्या मागोमाग.

"उकडलेला?" नानांनी हळूच विचारलं.

लहामग्यांनी नळाखाली हात धुतले. मग म्हणाले, "सकाळ-संध्याकाळ तेच. बिनमिठाचा."

"आमालेबी."

बाकी मला काही कळलं नाही. लहामगे न जेवता गेले. नाना पायरीवर बसून राहिले आणि मग, मी न विचारता, पहिल्यांदा बोलले. चिन्यांनी त्यांना पकडलं होतं. गोळ्या संपल्या होत्या, पायात कॅनव्हासचे बूट, बोटं वळत नव्हती. हात वर केले. मग तिकडच्या छावणीत महिनोन् महिने उकडलेला मुळा. लहामगेही असेच कुठल्या तरी छावणीत होते. म्हणून तो उन्हाळ्यापर्यंतचा हिशेब दोघांनाही देता येत नव्हता.

"परत आलो तर वाटलं, घरी सोडतील," नाना म्हणाले. "आपल्याच लोकांनी चौकशीला बसवून घेतलं. तुम्हाला काय शिकवलं? काय बोलायला सांगितलं? तुम्हाला सोडलं कसं? गावाला गेलो तर गावही तेच. सोडलं कसं? बाई, मेलेल्याला कोणी विचारत नाही. जिवंत आलेल्याला विचारतात." मग म्हणाले, "आणि मी जाऊन त्या माणसाला तेच विचारलं. दुसरं कोणी नाही, मी."

मी म्हटलं, "अध्यक्षांना सांगा ना, की लहामगे खरे आहेत."

"ते विचारतील, तुला कसं कळलं. मग?"



सव्वीस जानेवारीला झेंडावंदन झालं. मी एकाहत्तरच्या तरुणाचं नाव पुकारलं, टाळ्या झाल्या. मग नानांचं. लहामगे बोलावलेले नव्हते, पण गर्दीच्या कडेला मुलाबरोबर उभे होते. नाना आले, अध्यक्षांनी शाल उलगडली, तर नानांनी ती हाताने थांबवली आणि माझ्यापुढचा माईक ओढून घेतला.

"लहामगे खरा सैनिक आहे," ते म्हणाले. "मी खोटं बोललो. लढलेल्या माणसाला मी ओळखायला पाहिजे होतं, कारण मी तिथं होतो. मी लढलो आणि पकडला गेलो. चिन्यांच्या कैदेत होतो. वीस वर्षं तुम्हाला सांगितलं नाही." मग म्हणाले, "जे तिथं राहिले, त्यांची नावं कोणाला माहीत असतील तर ती आधी वाचा. आमची शाल मागून."

लहामग्यांच्या कैदेबद्दल एक अक्षर नाही. मी त्यांच्या शेजारीच उभी होते, माझ्या लक्षात आलं, ते शब्द चाळून चाळून बोलत होते.

कोणी टाळी वाजवली नाही. मागून एकजण बऱ्यापैकी मोठ्याने म्हणाला, "म्हणजे शरण गेले." अध्यक्ष गांगरले आणि हातातली शाल त्यांनी पुढे जाऊन लहामग्यांच्या खांद्यावर घातली. आता टाळ्या झाल्या. लहामगे खाली बघत उभे राहिले. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते, आता बोलतील, मग बोलतील. ते बोलले नाहीत.

मी नंतर नानांशी भांडले. नाना म्हणाले, "त्याच्या लेकीचं लग्न आहे. तुम्ही गप ऱ्हा." वहिनींना विचारलं, तुम्हाला हे कधीपासून माहीत? त्या तांदूळ निवडत होत्या. "लग्न झालं तवापासून," म्हणाल्या. "त्यांना झोपेत बोलायची खोड शे."

पुढची वर्षं नानांना सोपी गेली नाहीत. गेटवर कामगार हात वर करून उभे राहायचे आणि म्हणायचे, "नाना, असेच ना?" ते ऐकून घ्यायचे आणि खिसे तपासायचे. लहामग्यांची मुलगी थाटात नांदायला गेली, लहामगे इगतपुरीला परतले. कट्ट्यावर पुन्हा कधी गोष्टी झाल्या नाहीत. मला त्या माणसाचा राग होता, तो मी कधी लपवला नाही.

नाना गेले ते पौषात, दोन दिवसांच्या तापात. नामपूरहून भाऊबंद आले. कॉलनीतली माणसं थोडीच. अध्यक्ष 'थोर देशसेवक' वगैरे बोलले आणि कैदेचा भाग सफाईने गाळून गेले. तिरडी बांधून झाली. खांदा कोणी द्यायचा, याची कुजबुज चालू असताना लहामगे मुलाबरोबर आले. मुलाने कळवलं असावं; स्टेशनवरून दोघं चालतच आले. कोणाशी न बोलता ते पुढच्या दांड्यापाशी गेले.

"थांबा पाहुणे," नामपूरचा एक म्हातारा म्हणाला. "पुढं भाऊबंद लागतात. तुम्ही नात्यानं कोण?"

लहामग्यांनी मुलाकडे पाहिलं. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं, त्या जुन्या कट्ट्यावरच्या आवाजात म्हणाले, "मी बी कैदी व्हतो. चिन्यांच्या. ह्याला ठावं व्हतं, त्यानं माझं नाव घेतलं नाय. मी शाल घेऊन गप बसलो."

मुलगा बापाकडे बघतच राहिला. मग तो म्हातारा वाकला, आपल्या वाटचा पुढचा दांडा त्याने लहामग्यांच्या हातात दिला आणि मागे जाऊन उभा राहिला.