इथे स्थिर ‘सा’ मिळणार नाही

३ ऑक्टोबर १९९९, रविवार. सकाळपासून यंत्राचं मागचं झाकण उघडून बसले आहे. आतले जुने कपॅसिटर सुकलेत. गेले काही दिवस स्वराखाली एक घरघर ऐकू येते. ती विजेची आहे, माझी नाही, तेव्हा ती काढायची. दुसरंही एक काम टेबलावर पडलं आहे. ते करायचं की नाही हे संध्याकाळच्या आत ठरवायला हवं, कारण संध्याकाळी दादाचा फोन येणार.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. मिरजेला आमचा तंबोऱ्यांचा कारखाना आहे. आबांच्या, म्हणजे वडिलांच्या, मागे तो चालवतो. दसऱ्याला त्याचं नवं शोरूम उघडतं आहे आणि त्याला माझं हे यंत्र काचेच्या कपाटात ठेवायला हवं आहे. पाटीवरचा मजकूरही त्याने ठरवलाय: आमच्या घराण्याचा पहिला इलेक्ट्रॉनिक तंबोरा, आबांच्या मार्गदर्शनाखाली तयार झालेला. “तुझं नाव खाली घालू की, मालू,” असं म्हणाला. फक्त बटण दाबलं की स्थिर ‘सा’ आला पाहिजे. गिऱ्हाइकासमोर तो हलला तर शोभा होईल.

स्थिर ‘सा’ देणारी क्रिस्टलची इवलीशी पट्टी माझ्याकडे आहे. अर्ध्या तासाचं काम. तेच टेबलावर पडलंय.

मी मिरज सोडली त्याला पंचवीस वर्षं झाली. आमच्या घरात बायका दोन कामं करत. भीमेकाठचे वाळलेले भोपळे आले की बोटाच्या पेराने ठोकून, ऐकून ते निवडायचे, आणि तयार तंबोऱ्याची गवसणी, म्हणजे कापडी खोळ, शिवायची. माझा कान त्या भोपळ्यांवर तयार झाला. पण मला जवारी शिकायची होती. घोडीवर तार टेकते तो भाग घासून घासून स्वरात जो गुंजारव आणतात ती जवारी. ती लागली नाही तर तंबोरा म्हणजे नुसता भोपळा आणि काठी. आबा म्हणाले, “जवारी बायकांच्या हातची नव्हे.” का, ते सांगितलं नाही. त्यांना वाटलं विषय संपला. मी सांगलीला रेडिओ दुरुस्तीचा कोर्स केला आणि म्हैसूरला नोकरी मिळवली. तिथे कान तपासायची यंत्रं दुरुस्त करणारं एक छोटं वर्कशॉप होतं.

निघाले त्या सकाळी आबा पाठ करून रंधा मारत बसले होते. ट्रंक घ्यायची ऐपत नव्हती. आईने खुंटीवरची एक लाल गवसणी काढली. जो तंबोरा तिच्यात जायचा तो वाळताना तडकला होता, म्हणून ती रिकामी लोंबत होती. तिच्यात आईने माझ्या साड्या कोंबल्या, सोल्डरिंग आयर्न कोंबलं, वर शेंगदाण्याच्या चटणीचा डबा. मी म्हटलं, पोतं चाललं असतं. आई म्हणाली, “आपल्या घरातून उघडं काही जात नाही.” गाडीत लोकांनी तंबोरा समजून गवसणीला खिडकीजवळ जागा दिली. मला मात्र कोणी सरकून बसू दिलं नाही. एका गृहस्थांनी विचारलं, काय गाता? मी म्हटलं, काही नाही, दुरुस्त करते.

तुमच्यापैकी जे गाव सोडून गेले त्यांना माझ्या म्हैसूरच्या पहिल्या वर्षाबद्दल वेगळं सांगायला नको. देवराज मोहल्ल्यात पांडूमामांच्या शिवणाच्या दुकानावर मला खोली मिळाली. त्यांचं घराणं विठ्ठलभक्त शिंप्यांचं, पिढ्यान्‌पिढ्या म्हैसूरचं. घरात मराठी, पण ते मराठी मला आधी कळेना. “ऊट झाला का गं?” म्हणजे जेवण झालं का. “सुम्ने बसलीस?” म्हणजे उगाच बसलीस का. माझं मराठी ऐकून मामींना हसू यायचं. म्हणायच्या, तू रेडिओवाणी बोलतीस. आता मीही सुम्ने म्हणते, चालायचंच म्हणायच्या जागी पर्वागिल्ला म्हणते, आणि मिरजेला गेले की वहिनी तोंडाला पदर लावून हसते. पर्वागिल्ला.

वर्कशॉपमधल्या यंत्रांतून एकच सूर निघायचा, कमीजास्त मोठा. ज्याचा कान तपासायचा त्याने ऐकू आलं की बोट वर करायचं. तो सूर पहिल्यांदा ऐकला तेव्हा मी दचकले होते. जवारी नाही, गुंजन नाही, सोललेल्या अंड्यासारखा गुळगुळीत. एवढा उघडा स्वर मी जन्मात ऐकला नव्हता. मग एकदा व्हॉल्ववाली दोन जुनी यंत्रं शेजारी-शेजारी तापत ठेवली होती, दोन्ही एकाच सुरावर. ती एका सुरावर राहिनात. एक जरा सरकायचं आणि दोघांच्या मधून एक लाट उठायची, आधी जलद, मग संथ. मालक म्हणाले, दोन्ही बाद, भंगारात टाक. मी हात बांधून ऐकत उभी राहिले, कारण हे मला ठाऊक होतं. तंबोऱ्याच्या जोडीच्या तारा आबा अशाच लावायचे. हाताखालच्या कारागिरांना सांगायचे, “दोन्ही अगदी एक झाल्या की तंबोरा मेला. केसभर अंतर ठेवा.”

मी यंत्र बंद करायला हात पुढे केला तेवढ्यात मागून कोणीतरी ओरडलं, “निल्लिसबेडी! निल्लिसबेडी!” बंद करू नका. ते पुट्टस्वामी मेष्ट्रु, म्हणजे मास्तर. कॉलेजात फिजिक्स शिकवायचे, आणि उरलेल्या वेळात रेकॉर्डिंगच्या फितीचे तुकडे चिकटवून, खुर्च्यांच्या पायांभोवती त्यांचे वेढे फिरवून संगीत करायचे. तिकडे युरोपात असं करणाऱ्यांचे कार्यक्रम ते शॉर्टवेव्हवर खरखरीतून ऐकायचे. म्हैसुरात त्यांना लोक अर्धवट म्हणत. ते स्वतःला कंपोझर म्हणत आणि त्याबद्दल कोणाची माफी मागत नसत. मला ते आवडलं. बाद यंत्रं आम्ही भंगाराच्या भावाने घेतली, आतले सूर काढणारे ऑसिलेटर काढले, माझ्या खोलीत एका लाकडी पेटीत बसवले. जोडणी माझी, सूर लावणं माझं. मेष्ट्रु कागदावर आकृत्या काढायचे आणि कॉफी प्यायचे.

त्यांच्या रचना ठीक होत्या. फार हुशार होत्या, एवढंच मी म्हणेन. मग मी माझी केली. यंत्र थंड असताना सुरू करायचं. तेव्हा सगळे स्वर इकडेतिकडे असतात. व्हॉल्व तापतील तसे ते एकमेकांकडे सरकतात. दोन स्वर एक होणार असं वाटलं की मी बटण केसभर फिरवून त्यांना वेगळं करते. एवढंच करायचं, दुपारभर. गायचं नाही, ठेका नाही. मेष्ट्रुंनी ती शेवटपर्यंत ऐकली आणि आपले आकृत्यांचे कागद गुंडाळून ठेवले. मग म्हणाले, “मालती, माझं गणित आहे. हे तुझं संगीत आहे.” तेव्हापासून कोणी विचारलं तर मीही कंपोझर म्हणून सांगते.

पहिला कार्यक्रम एका महिला मंडळाच्या हॉलमध्ये झाला. लोक आले, बसले, यंत्र कधी सुरू होणार म्हणून वाट बघू लागले. ते सुरूच होतं. एकेक करून उठले. शेवटी एक आजोबा उरले, तेही झोपलेले. मी म्हटलं, आटपूया. मेष्ट्रु म्हणाले, “थांब. ते पंचमात घोरताहेत.” आम्ही पूर्ण वाजवलं. पुढच्या महिन्यात पुन्हा वाजवलं. आता कुवेंपुनगरात माझं स्वतःचं घर आहे, हिनकलला स्वतःचं वर्कशॉप आहे, आणि शेजारच्या कमलम्मा अजून कुंपणावरून हाक मारतात, “अक्का, तुमच्या फ्रिजला मेकॅनिक बोलवा की!” लग्नाचं विचारणारेही आहेत. यंत्रामुळे राहिलं असं त्यांना वाटतं. तसं नाही. यंत्र नसतं तरी केलं नसतं.

एकदा मी यंत्र मिरजेला नेलं होतं. गवसणीची तोवर यंत्र पुसायची फडकी झाली होती, म्हणून चादरीत गुंडाळून नेलं. आबांनी ते उंबऱ्याच्या आत येऊ दिलं नाही. म्हणाले, “या घरात वीज दिव्याला लागते, तंबोऱ्याला नाही.” मी पडवीतच, भोपळ्यांच्या ढिगाशेजारी, खिडकीतून वायर ओढून ते लावलं. कारागीर हात थांबवून बघत होते. आबा आत पाठमोरे बसले. बऱ्याच वेळाने तिथूनच बोलले.

“जोडी जुळत नाही तुझी.”

“जुळली की मेली, आबा. तुम्हीच सांगता.”

“ते तारेचं. तारेला माणूस लागतो.”

“यालाही लागतो. मी आहे ना इथे बसलेली.”

कारागिरांपैकी कोणीतरी हसलं. आबा उठले, हातपाय धुतले आणि जेवायला बसले. मला हाक मारली नाही. मी वायर गुंडाळली आणि संध्याकाळची गाडी धरली. त्यानंतर मी त्यांच्या आजारपणात गेले, शेवटाला गेले. यंत्र परत नेलं नाही. त्यांचं मार्गदर्शन म्हणाल तर ते एवढंच.

आणि आता त्याच घराच्या दुकानात प्लॅस्टिकचे विजेवरचे तंबोरे ओळीने मांडलेत. दादाला मी दोष देत नाही. गवयांना प्रवासात हलकी वस्तू हवी, दादाला धंदा हवा. ते खोके उपयोगाचे आहेत, मी स्वतः दुरुस्त करून दिलेत. पण ज्या यंत्राला उंबरा ओलांडू दिला नाही, त्याला आता काचेत उभं करायचं, त्याचं हलणं काढून, वर आबांचं नाव लावून? आणि खरं सांगायचं तर ऐकल्या ऐकल्या मला बरंच वाटलं होतं. मिरजेच्या दुकानात, आमच्या आडनावाच्या पाटीखाली, माझं नाव. बाविसाव्या वर्षी त्यासाठी मी काहीही दिलं असतं. सत्तेचाळिसाव्या वर्षीही फार विचार न करता हो म्हणून बसले असते.

म्हणून दुपारी क्रिस्टल लावूनच पाहिलं. नुसत्या अंदाजावर नाही म्हणणं मला पटत नाही. ‘सा’ आला आणि उभा राहिला. मी चहा करून आले, तो तिथेच. दोरीवरचे कपडे काढून घड्या घातल्या, तो तिथेच, बँकेच्या पहारेकऱ्यासारखा. माझी त्याला काही गरज नव्हती. दुकानासाठी उत्तम. मी सोल्डर वितळवून पट्टी उपसून काढली, नवे कपॅसिटर बसवले, झाकणाचे स्क्रू आवळले. घरघर गेली होती. स्वर पुन्हा सरकायला लागले, आणि मला खुर्ची ओढून बसावं लागलं.

संध्याकाळी दादाचा फोन आला. टेम्पो कधी पाठवू, म्हणाला.

“टेम्पो नको. मी घेऊन येते आणि परत घेऊन जाते. काचेत ठेवायचं नाही. मी वाजवणार.”

“उद्घाटनाला? मालू, पाहुणे येणार, गवई मंडळी येणार. ते हलतं की गं.”

“हलतं म्हणूनच वाजवणार. तापायला वेळ लागतो, तेव्हा फीत कापायच्या आधीपासून सुरू असेल. आणि पाटीवर आबा नकोत. यंत्र मालतीने म्हैसूरला केलं, एवढंच लिही.”

“लोक काय म्हणतील?”

“फ्रिज वाजतोय म्हणतील. मला सवय आहे.”

“आणि मी नाही म्हटलं तर?”

“तर पडवीत वाजवीन. तिथला खिडकीतला विजेचा पॉइंट मला माहीत आहे.”

मग कोणीतरी त्याच्या हातातून फोन घेतला. वहिनी होती. “वन्सं, तुमच्या त्या यंत्राला टू पिन लागतं का थ्री पिन? उद्या इलेक्ट्रिशियन यायचाय, एकदाच काय ते सांगते त्याला.”

थ्री पिन, मी म्हटलं.

घर म्हणजे काय यावर गाव सोडलेली माणसं फार लिहितात. मी लिहिणार नाही. मिरजेच्या भोपळ्यांनी मला कान दिला आणि म्हैसूरच्या भंगाराने हात. दोन्हीकडे कोणी मला वरच्या पाटावर बसवलं नाही, आणि दोन्हीकडचा हक्क मी सोडलेला नाही. ऐन दसऱ्यात म्हैसूर सोडून कुठे चाललीस, असं आता इथले विचारतील. विचारू देत. मला दोन्ही गावांत एकेक पॉइंट हवा आहे. तो मी घेतला आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी यंत्र रिक्षात घालून देवराज मोहल्ल्यात गेले. पांडूमामा आता थकलेत, पण मशीनवर बसतात. दुकानात दसऱ्याच्या कपड्यांचा ढीग लागला होता.

“अय्यो, ह्या गर्दीत काय आणलीस मा?”

“गवसणी शिवायची आहे, मामा. लाल, आतून कापूस घालून.”

त्यांनी चष्मा वर करून पेटीकडे बघितलं. “कशाला? मशीनला?”

“तंबोऱ्याला.”

“दांडी कुठं हाय याला?”

“नाही.”

“भोपळा?”

“तोही नाही.”

“मग चौकोनच की. सोपं झालं.” त्यांनी गळ्यातली टेप काढली आणि पेटी लांबीरुंदीला मोजली, तंबोऱ्याची मोजावी तशी, दोन बोटं सैल सोडून. “बेग पाहिजे, का निधानं चलतंय?”

“बेग, लवकरच. दसऱ्याच्या आत मिरजेला पोचायचंय.”

“आन् हे वायर? उघडंच ऱ्हाणार?”

“नाही मामा, आत जायला हवं. खाली एक भोक ठेवा,” मी म्हटलं. “थ्री पिन जाईल एवढं.”