हौदात आहे मी

या पानावरचे अनुभव मी बरीच वर्षं वाचते आहे. बहुतेकांच्या खाली मनातल्या मनात "उंदीर असेल", "वायर सैल असेल", "झोप झाली नसेल" असं लिहून पुढे जाते. स्वभावच तो. घरात आवाज आला तर मी आधी नळ बघते, मग खिडकी, मग फ्रिज. भुताखेताचा नंबर माझ्या यादीत कधी लागला नाही, अजूनही लागलेला नाही... पण त्या सकाळी जे झालं ते यादीतल्या कुठल्याच ओळीत बसत नाही. म्हणून इथे लिहिते आहे. कुणाला काही सुचलं तर जरूर सांगा.

आम्ही कोल्हापुरात राहतो, रंकाळ्याच्या पलीकडे एका कॉलनीत. मी घरूनच वेबसाइट बनवते. फरशीवाले, कृषी सेवा केंद्रं, पन्हाळ्यावरची एकदोन हॉटेलं असे माझे क्लायंट. या कामामुळे मला नेटवरची उपयोगी टूल्स गोळा करायचा नाद लागला. फोटो हलका करून देणारं, फॉन्ट ओळखणारं, तुटलेल्या लिंका शोधणारं... आणि काही नुसतीच गमतीची. एका साइटवर जगातल्या कुठल्याही गावचा रेडिओ लागतो, दुसरीवर अनोळखी माणसाच्या खिडकीतून बाहेर बघता येतं. ब्राउझरमध्ये सगळ्यांचे कप्पे करून ठेवलेत. सुधीर, म्हणजे माझे मिस्टर, या कप्प्यांना 'मसाल्याचा डबा' म्हणतात.

त्या डब्यातलं तेव्हाचं माझं सगळ्यात लाडकं टूल म्हणजे बोललेलं मराठी लिहून देणारं. कुणा हौशी माणसाने फुकट ठेवलेलं. टॅब उघडा ठेवायचा, माइक चालू करायचा, की समोरचं बोलणं ओळीओळीने उमटत जातं. मीटिंगला फार सोयीचं. त्यात 'शुद्धलेखन सुधारा' अशी एक खूण होती, ती मी कायम लावलेली असायची. तिचा एकच घोळ होता. टूलला माहीत नसलेला शब्द आला की ते त्याच्या जवळचा पुस्तकी शब्द घालायचं. आमच्या फरशीवाल्यांचं "ह्या महिन्यात जमणार न्हाय" हे तिथे "या महिन्यात जमणार न्हावी" असं उमटलं होतं. मी हसून सोडून दिलं होतं.

आता आप्पांबद्दल. आप्पा माझे वडील, मूळचे मुरगूडचे, ऐंशीच्या घरात. तरुणपणी कुस्तीसाठी कोल्हापुरात आले, पुढे डेअरीत नोकरी केली. आई गेल्यापासून आमच्याकडेच आहेत. त्यांना विसरण्याचा आजार आहे. माणसं ओळखतात, पण आपण कुठल्या काळात आहोत ते हातातून सुटतं. एकदा स्टँडवर मुरगूडची गाडी विचारत उभे राहिलेले सापडले होते. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं — वाट चुकली तर सापडतील, पण पडणं आणि पाणी, या दोन गोष्टींना जपा. तेव्हापासून गेटला कडी आणि त्यांच्या शर्टाच्या खिशात ठावठिकाणा दाखवणारी चकती, अशी व्यवस्था मी केली होती.

आणखी एक. मला घरात सगळे सुनीता म्हणतात, बाहेर मॅडम. आप्पा एकटे 'आक्के' म्हणतात. त्यांची आई निपाणीकडची, हा शब्द तिच्याकडून आलेला.

त्या दिवशी नाश्ता झाल्यावर आप्पा व्हरांड्यात पेपर घेऊन बसले आणि मी आतल्या खोलीत क्लायंटशी बोलत होते. बोलणं संपलं, मी हेडफोनचा माइक बंद केला, हेडफोन खुंटीला अडकवला आणि चहा घेऊन बाहेर आले. खुर्ची रिकामी. पेपर खाली. गेटची कडी काढलेली.

फोनवर चकती बघितली तर ठिपका घरातच. शर्ट दोरीवर वाळत होता. आप्पांनी दुसराच अंगात घातला होता, आणि चकती बदलायची मी विसरले होते.

सुधीर स्कूटर घेऊन रंकाळ्याच्या बाजूला गेले. शेजारचे शौकतभाई सोफ्याचं काम तसंच टाकून कॉलनीच्या गल्ल्या बघायला लागले. मी मंदिर बघितलं, दवाखाना बघितला, दूध केंद्र बघितलं. अर्धा-पाऊण तास गेला असेल. मग कॉलनीच्या ग्रुपवर फोटो टाकावा म्हणून लॅपटॉपकडे आले.

तो टॅब उघडाच होता. क्लायंटच्या शेवटच्या "ठीक आहे मॅडम"च्या खाली एक नवी ओळ होती.

'आक्का हौदात आहे मी'

मी खुंटीकडे बघितलं. हेडफोन तिथेच, माइकचं बटण बंद. टॅबमध्ये माइकच्या चित्रावर लाल फुली. ही टूल्स शांततेत आपल्या मनाने काहीबाही लिहितात, हे मला ठाऊक आहे — 'व्हिडिओ आवडल्यास लाइक करा' असलं. पण त्याला निदान माइक चालू लागतो. मी बघत असतानाच खाली दुसरी ओळ उमटली, एकेक शब्द थांबत...

'पाणी आण'

मी मोठ्याने म्हणाले, "आलो आप्पा, आलो." (कोल्हापूरच्या आम्ही बायकाही 'आलो-गेलो'च म्हणतो.) का बोलले, कुणाशी बोलले, विचारू नका. खोलीत कुणीच नव्हतं. त्यानंतर ओळ आली नाही.

सुधीर परत आले ते मान हलवतच. मी स्क्रीन दाखवली. त्यांनी दोनदा वाचलं.

"ही आप्पांची भाषा नाही गं. आप्पा जन्मात कधी 'आहे' म्हणाले नाहीत."

"ते सोडा. हौद म्हटलंय. कुठला हौद?"

दोघांच्याही डोक्यात एकच आला. कॉलनीच्या मागे एका इमारतीचं बांधकाम बंद पडलंय, तिथे विटा भिजवायचा सिमेंटचा मोठा हौद आहे. उघडाच.

आम्ही पळालो. हौद काठोकाठ भरलेला, वर शेवाळाची हिरवी साय. तळ दिसत नव्हता. काठावर कुणाचं पाऊल नाही, चप्पल नाही, पण जमीन कडक, उमटणार तरी काय. शौकतभाईंनी कुठूनतरी बांबू आणला आणि ढवळायला लागले. बांबू त्यांच्या खांद्याइतका आत जात होता. प्रत्येक वेळी तो कशाला तरी लागेल म्हणून मी डोळे मिटत होते.

"खाली लागतंय काय ते कळंना," शौकतभाई म्हणाले. "पोतं असंल."

सुधीरनी शर्ट काढला, बनियन काढली, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली. आमचे हे गणिताचे शिक्षक, अंगाने काटकुळे. काठावर उभे राहून दंड चोळायला लागले.

"ओ सर, दंड काय चोळताय," शौकतभाई म्हणाले, "हौद्यात उतरताय का कुस्तीला? सरका, मला पोहता येतंय."

त्यांनी ते घाबरूनच म्हटलं होतं, माणूस अशा वेळी काहीही बोलतो. पण मी तो शब्द धरला. हौद्यात. पाण्याचा तो हौद, त्याचं 'हौदात'. कुस्तीच्या तांबड्या मातीचा तो हौदा, त्याचं 'हौद्यात'. टूलला कुस्तीचा हौदा कुठून माहीत असणार? 'न्हाय'चा न्हावी करणाऱ्याने 'हौद्यात'चं हौदात केलं असेल, 'हाय'चं आहे, आणि 'आक्के'चं आक्का.

"अहो, पाण्यात नाहीत ते," मी म्हणाले. "तालमीत आहेत."

"कशावरनं?" सुधीर.

सांगत बसायला वेळ नव्हता. "चुकलं तर माझ्यावर घाला. शौकतभाई, तुम्ही इथं बघा, आम्ही पेठेत जाऊन येतो."

"जावा वहिनी. मी हाय हितं."

आप्पा तरुणपणी ज्या तालमीत राहायचे ती पेठेत आहे. नाव लिहीत नाही. तिथे नवी इमारत होणार म्हणून कुलूप आहे आणि पोरं दुसरीकडे व्यायामाला जातात. स्कूटरवर मी मागे बसले होते आणि सारखं एकच मनात — मी चुकले असेन तर? इकडे एका शब्दावरून गाव फिरतेय आणि तिकडे ते हौदाच्या तळाशी असतील तर?

पुढच्या दाराला कुलूपच होतं. मागच्या बाजूला पत्रा वाकवलेला. आत शिरले. पत्र्याखाली भट्टी झाली होती. आणि हौद्यात, भिंतीला टेकून, पाय लांब करून आप्पा बसले होते. धोतर, हात, कपाळ, सगळं तांबडं. उजवा घोटा सुजून टम्म. ओठ पांढरे पडलेले.

"किती येळ गं आक्के," ते म्हणाले. "पाणी आणलंस?"

वाटेत घेतलेली पाण्याची बाटली मी त्यांच्या तोंडाला लावली. ते घटाघटा प्यायले, मग नीट बोलायला लागले.

"पाय मुरगाळला. हाक मारली तुला. हौद्यात हाय म्हटलं, पाणी आण म्हटलं. तू ओ दिलीस की."

"काय म्हणाले मी?"

"आलो आप्पा, आलो. आणि काय म्हणणार? मग म्हटलं पोरगी येतीया, बसावं गप. न्हायतर त्या अंगाला सरकत चाललो हुतो भाईर पडायला."

'त्या अंगाला' म्हणजे हौद्याच्या पलीकडे. सुधीर जाऊन बघून आले आणि आप्पा सापडल्याचं शौकतभाईंना फोनवर सांगायला लागले. मग मीही बघितलं. तिथे नव्या इमारतीच्या पायासाठी खड्डा खणला होता. खोल, आत अंधार, आणि वर आलेल्या लोखंडी सळया.

पेठेपासून आमचं घर हाकेच्या अंतरावर नाही, मध्ये अख्खा रंकाळा आहे. आप्पांकडे फोन नव्हता, त्यांना वापरता येत नाही. मी ते टूल बनवणाऱ्या गृहस्थांना सविस्तर लिहिलं. त्यांचं सभ्य उत्तर आलं — माइक बंद असेल तर आमच्याकडे आवाज पोचतच नाही, एकाचं बोलणं दुसऱ्याला दिसण्याची सोयही नाही, तुमच्या लॅपटॉपवर दुसरं काही चालू असेल. नव्हतं. मी एकेक तपासलं. मी समजा घाबरून भलतं वाचलं असेल, पण सुधीरनीही तेच वाचलं. समजा टूलने मनाचं लिहिलं, तर आक्का, हौद आणि पाणी हे तीनच शब्द कसे? आणि ते सगळं योगायोगात घातलं तरी माझं 'आलो' उरतंच. ते तर मी कुठेच लिहिलं नव्हतं. बंद खोलीत नुसतं तोंडाने म्हटलं होतं.

संध्याकाळी घोट्याला पट्टी बांधून आप्पा पलंगावर पडले होते. चहा पिऊन झाला होता, चेहरा उजळला होता. मी मनात प्रश्न नीट लावून घेतले आणि जवळ बसले.

"आप्पा, तालमीत माझा आवाज कुठून आला? दारातनं? का वरनं?"

"कुठल्या तालमीत?"

"सकाळी गेला होता ना."

"मी? ह्या वयात तालमीत जाऊन काय करू?" ते हसले. "सकाळधरनं हितंच हाय की. तूच त्या कामाच्या नादात बघत न्हाईस." मग त्यांची नजर पायाकडे गेली. "आक्के, ह्याला काय झालंय गं?"

"घसरलात," मी म्हणाले.

"बरं," म्हणाले आणि डोळे मिटले.

पलीकडे माझा आवाज नेमका कसा पोचला हे सांगू शकणारा जगात एकच माणूस होता. दिवे लागायच्या आतच ते त्याच्या डोक्यातून निघून गेलं. आता ते फक्त माझ्याकडे आहे, आणि मला त्यातलं काहीच कळलेलं नाही.