याहा म्हणजे इथे

मोलगीजवळच्या पाड्यावरची रिना वसावे नंदुरबारच्या एका कंपनीत लागली. काम काय, तर डोंगरातल्या बायाबापड्यांचं बोलणं हेडफोनवर ऐकायचं आणि जसंच्या तसं टाइप करायचं. त्यावरून यंत्र बोली शिकणार, आणि मग कुणालाही फोनवर आपल्या भाषेत औषधपाणी विचारता येणार. रिनाला हे मनापासून पटलं होतं. हीच तर तिची चूक.

दोन वर्षांत कंपनीने तीनदा नाव बदललं आणि चारदा साहेब. सोमवारी शिकलेलं शुक्रवारी मोडीत निघायचं. प्रत्येक नवा साहेब पुण्याहून यायचा, फळ्यावर बाण काढायचा आणि "आपण एक कुटुंब आहोत" म्हणायचा. मग एके दिवशी या कुटुंबातली तपासणीची माणसं काढून टाकली आणि रिनाचं काम तपासायला यंत्रच बसवलं. म्हणजे ती ज्याला शिकवत होती, तेच आता तिला मार्क देऊ लागलं.

'याहा'पाशी घोडं अडलं. रिनाच्या देहवाली बोलीत याहा म्हणजे आई. यंत्र म्हणे, हे हिंदीतलं 'यहाँ', म्हणजे इथे. तिने याहा लिहिलं की लाल रेघ यायची आणि गुण कापले जायचे. गुण नव्वदच्या खाली गेले की नोकरी संपली.

तिने वरच्या पदावरच्या अजितला दाखवलं. त्याने मोबाईलमधून मानसुद्धा वर न करता अहिराणीत सुनावलं.

"मशीन सांगी ऱ्हायनं ना, मंग दाब 'मान्य'. तुले काय करनं शे?"

"अजितभाऊ, याहा म्हंजे माय शे."

"तुन्ही माय शे, कंपनीनी नही."

आठवडाभर ती अडून बसली. गुण एक्क्याण्णववर आले, तेव्हा तिने 'मान्य' दाबलं. पहिल्यांदा बोट जड झालं. शंभराव्यांदा काहीच वाटलं नाही, आणि त्या काहीच न वाटण्याचीच तिला पुढे सगळ्यात जास्त किळस आली.

धडगावात यंत्राचं प्रात्यक्षिक ठेवलं. पाहुणे, हार, गुच्छ, सगळा थाट. रिनाच्याच पाड्यावरची धनुबाई जीपमधून दाटीवाटीने आली होती. तिचं बोलणं रिनानेच पूर्वी हेडफोनवर ऐकून टाइप केलं होतं. साहेबांनी माईक पुढे केला. धनुबाईला ते नाटक वाटलंच नाही. तिने आपल्या बोलीत खरंच विचारलं, "याहाचा पाय सुजलाय, चालवत नाही. काय लावू?"

यंत्र तिच्याच बोलीत गोड बायकी आवाजात म्हणालं, "इथे सूज आहे. आपलं ठिकाण नोंदवलं आहे. आभारी आहोत."

टाळ्यांचा कडकडाट झाला. त्या सभागृहात काय बोललं गेलं हे दोघींनाच कळलं होतं. धनुबाई रिनाकडे वळून हळूच म्हणाली, "पोरी, हिला आई नाही का गं?"

रिना उभी राहिली. "सर, उत्तर चुकलंय. ते मीच चुकीचं शिकवलंय. अकराशे वेळा."

साहेब हसले, "पुढच्या आवृत्तीत बघू," म्हणाले आणि चहाला वळले. धनुबाईला सुजेचं औषध कुणीच सांगितलं नाही. रिनानेच तिला दवाखान्याच्या दारापर्यंत नेलं, आणि पाय दाखवायला आईलाच घेऊन ये म्हणून विनवलं.

पुढची आवृत्ती आलीच नाही. पंधरा दिवसांत कंपनीने बोलीचं काम गुंडाळलं. आता नवापूरच्या पोल्ट्रीतल्या कोंबड्यांचे आवाज ऐकायचे होते, आजारी कोंबडी कुठली हे यंत्राला ओळखता यावं म्हणून. रिनाला काढलं नाही. तिच्या कानाचं साहेबांनी कौतुकच केलं, आणि नवा हेडफोन देताना बजावलं, "नीट ऐका हं मॅडम. कोंबड्यांच्या बाबतीत एकही चूक चालायची नाही."

रिनाच्या तोंडाला पाणी सुटलं, ओकारीआधी सुटतं तसं. ती जिना उतरून रस्त्यावर आली, गटाराशी वाकून थुंकली आणि तशीच स्टँडकडे चालू लागली. हेडफोन साहेबांच्या हातातच राहिला.