रुक्माक्काचा विस्तव

कुठल्याही गोष्टीत जीव आहे की नाही, हे रुक्माक्का तळहातानं बघायची. हात टेकवायची नाही, जरा वर धरायची. पहाटे उठली की तोंड धुवायच्या आधी चुलीतल्या राखेवर हात. मग दुधाच्या पातेल्यावर, झोपलेल्या पोराच्या कपाळावर, एकदा तर आजारी पडलेल्या आमच्या अण्णांच्या टकलावरसुद्धा! "आहे गं, ऊब आहे," असं म्हणायची आणि कामाला लागायची.

आमच्या कानडी मुलखातल्या लष्कर मोहल्ल्यात तिच्या आणि आमच्या घरात एकच भिंत. तिचा नवरा पांडुमामा शिंपीकाम करायचा, पण घराणं मूळचं रंगाऱ्यांचं. मागच्या पिढ्यांनी साड्या रंगवल्या, त्या कढईखालच्या भट्टीतला विस्तव म्हणे कधीच विझला नव्हता. रंगाचा धंदा बसला तेव्हा तोच विस्तव स्वयंपाकघरातल्या चुलीत आला. रात्री निखारे राखेखाली झाकायचे, पहाटे राख सारून त्यावर भुसा घालून फुंकायचं. घरात येणाऱ्या सुनेच्या ओटीत नारळ पडायच्या आधी हातात फुंकणी पडायची. देवाचा नैवेद्य त्याच जाळावर, मामाच्या इस्त्रीतले निखारेही त्यातलेच. काडी ओढून पेटवलेला जाळ म्हणजे परका. विस्तव गेला तर घर बसलं, असं रुक्माक्काच्या सासूनं तिला बजावून ठेवलं होतं.

आणि विस्तव राखायचा म्हणजे घर सोडायचं नाही. रुक्माक्का परगावी लग्नाला गेली नाही, यात्रेला गेली नाही, माहेरी एक रात्र राहिली नाही. कुणी आग्रह केलाच तर म्हणायची, "इरली बिडु गं. राहू दे. मी आले तर त्याच्यापाशी कोण बसतंय?" जणू घरात अंथरुणाला खिळलेलं माणूस आहे! तिच्या त्या स्वयंपाकघराला पूर्वी खिडकी होती. वाटण्या झाल्या आणि दिरानं आपल्या बाजूनं ती विटांनी बुजवून टाकली. आत धूर असा कोंडायचा की बाहेरून हाक मारली तर आधी खोकला यायचा, मग रुक्माक्का यायची.

आता गंमत ऐका. मी जयलक्ष्मीपुरमच्या ज्या संस्थेत नोकरी करायचे, तिचं कामच मुळी घराघरांतला चुलीचा धूर घालवण्याचं. जगातल्या शेवटच्या बाईपर्यंत स्वच्छ इंधन पोचलं पाहिजे, अशी भाषणं मी हिनकलपासून पार खेड्यापाड्यांपर्यंत देऊन यायचे आणि घरी आल्यावर भिंतीपलीकडचा खोकला ऐकत जेवायचे. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा.

शेवटी खटपट करून मी तिला गॅस मिळवून दिला. सिलिंडर आला तशी तिनं त्याला हळदकुंकू लावलं, ओवाळलं आणि चुलीतला निखारा चिमट्यात धरून, त्यावर कागदाची सुरळी पेटवून बर्नर लावला. म्हटलं, सुटलो बाई! पण स्वयंपाक झाला तरी बर्नर जळतोच आहे. मी बंद करायला गेले तर तिनं माझा हात धरला.

"अय्यो, सुमे, काय करतेस? आपला विस्तव आहे तो!"

"अगं, मग काय दिवसभर जाळणार?"

"दिवसभर काय, रात्रीपण. झाकायला राख कुठं आहे ह्याला?"

आठवडा उलटायच्या आत सिलिंडर रिकामा. गॅसवाला गळती शोधत घरभर हुंगत फिरला. मामा वैतागला, आणि रुक्माक्का चुलीपुढे परत जाऊन बसली. पुढे गॅसवर फक्त पाहुण्यांची कॉफी व्हायला लागली. एकदा आमच्या संस्थेचे परदेशी पाहुणे तिच्याकडे आले, ती कॉफी प्यायले, सिलिंडरशेजारी तिचा फोटो काढला. आमच्या हिशेबी रुक्माक्का धुरातून सुटली होती. मी तिथेच उभी होते आणि मला हसावं की रडावं कळत नव्हतं.

तिची मुलगी वनजा हिनकलला दिली होती. हिनकल म्हणजे काय सातासमुद्रापार नाही, सिटी बसनं जाऊन यायचं. पण वनजाचं पहिलं बाळंतपण आलं तेव्हा डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं, त्या धुरात बाळंतीण न्यायची नाही. मग आईनं तिकडे जायला नको का? रुक्माक्का सकाळी विस्तव झाकून जायची, लेकीला न्हाऊ घालायची, नातीला पायांवर घ्यायची आणि उन्हं कलली की तिची चुळबुळ सुरू. "आजच्या दिवस राहा गं," म्हणून वनजा रडायची. ही पदरानं तिचे डोळे पुसायची आणि बस पकडायची. "एकदा तरी नातीला कुशीत घेऊन झोपायचंय गं मला," असं मला परत आल्यावर सांगायची, तेही राख सारता सारता. मी चिडून म्हणायचे, "मग विझू दे की मेला तो विस्तव!" तेव्हा ती अशी बघायची, की मीच कानाला हात लावायचे.

खोकल्याचा दमा झाला, दम्याचं आणखी काय काय झालं. एक दिवस श्वास लागून ती दारातच कोसळली. दवाखान्यात नाकाला नळी लावलेली असताना तिनं पहिली खूण केली ती मामाला, पालथा हात हवेत धरून. मामा म्हणाला, "आहे, आहे. तू सुम्ने, गप पडून राहा." तेव्हा कुठं तिनं डोळे मिटले.

घरी सोडताना डॉक्टर म्हणाले, हिला आता चुलीपुढे बसवलंत तर पुन्हा माझ्याकडे आणू नका, उपयोग नाही. वनजा न्यायला आली. रिक्षा दारात उभी. आणि रुक्माक्का स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर फतकल मारून बसली. वनजानं पाया पडून विनवलं, मी रागावले, शेजारणी आल्या. ती आपली मान हलवतेय. "माझ्या हातून नको गं. सासूबाईंना वर काय तोंड दाखवू?"

पांडुमामा आयुष्यात कधी मोठ्यानं बोलला नव्हता. तो उठला, देवळीतली काड्यापेटी घेतली आणि तिच्या मांडीवर टाकली.

"दवाखान्यात गेलीस त्याच दिवशी विझला तो. रोज काडीनं पेटवतोय मी. आणि आईला काय तोंड दाखवायचं म्हणतेस? लहानपणी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय, आई काडी ओढायची. एकदा नाही, कितीदा तरी."

मला मामाचा असा संताप आला! "मग इतकी वर्षं बोलला का नाहीत?" मी ओरडले. त्यानं खाली बघत म्हटलं, "आईनं शपथ घातली होती. आणि हिनं तरी कधी विचारलं?"

मला वाटलं, आता ही ऊर बडवून घेणार. रुक्माक्कानं काड्यापेटी उचलून कानाशी हलवून पाहिली.

"सासूबाईंनीसुद्धा?"

मग हळूहळू, श्वास घेत घेत, तिनं सांगितलं. वनजा तान्ही असताना तापली होती, सासू नंजनगूडला लग्नाला गेली होती. पोरीला घेऊन बसता बसता हिचा डोळा लागला. उठून बघते तर राख थंडगार. हिनं काडी ओढली, चूल पेटवली आणि कुणाला सांगितलं नाही. "त्या दिवसापासनं घर सोडलं नाही मी. म्हटलं, पाप झालंय ते झालंय, परत नको व्हायला. नैवेद्य दाखवताना रोज मनात देवाची माफी मागायचे गं." आणि एकदम तिला हसू फुटलं. "दोघी एका चुलीपुढं बसायचो आणि दोघी एकमेकीला भ्यायचो!" हसता हसता खोकला आला, खोकता खोकता रडू आलं, आणि मग कुणालाच थांबवता आलं नाही.

ती आपणहून रिक्षात बसली.

हिनकलच्या घरात तिला खिडकीजवळची खाट मिळाली. वनजाची शेगडी विजेची, काचेची सपाट पाटी. तिच्यावर जाळाशिवाय दूध उतू गेलेलं पाहून रुक्माक्कानं तोंडात बोट घातलं. नात आता मोठी झाली होती, तरी आजीच्या कुशीत झोपायची. पण छाती आतून केव्हाच कोळपली होती. पुढचा दसरा काही तिनं पाहिला नाही.

तिच्या शेवटच्या दिवसांत मी मुक्कामाला गेले होते. उजाडताना जाग आली तर खाट रिकामी. बघते तर स्वयंपाकघरात भिंतीला धरून रुक्माक्का उभी, आणि त्या थंड काचेवर तिचा तळहात धरलेला. म्हटलं, सुटली नाहीच ही.

"अगं, इथं काय राखायचंय तुला? काय बघतेस?"

"विझलाय ना, तेवढं बघते," ती म्हणाली. "मग जरा झोप लागते."